सोळाव्या नंबरची मुलगी

भाचीनं दोन्ही हात भिंतीला टेकवले आणि गॉगल कपाळावर सरकवायच्या आधीच मान वळवून बोर्ड बघितला. १:०५.८४. शंभर यार्ड ब्रेस्टस्ट्रोक. मागच्या मोसमातल्या तिच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा सव्वा सेकंदानं कमी. हीटमध्ये, म्हणजे एका वेळी पाण्यात उतरलेल्या तुकडीत, ती तिसरी आली होती, पण ते तिच्या गावीही नव्हतं. वर प्रेक्षकांच्या बाकांवर माझी धाकटी बहीण मोबाईलवर शूटिंग करता करता डोळे पुसत होती आणि मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. न्यू जर्सीतला जानेवारी. बाहेर रस्त्याकडेला बर्फाचे ढीग आणि आत टँकच्या हॉलमध्ये क्लोरिनचा दमट उकाडा, इतका की सगळ्यांनी अंगावरचे स्वेटर काढून मांडीवर घेतलेले. थोड्या वेळानं पोरगी टॉवेल गुंडाळून, ओल्या चपला फटफटवत वर आली. बहिणीनं तिला जवळ घ्यायला हात पसरले, तर ती त्या हातांत शिरता शिरता माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, कॉलेजच्या टीमला एवढं टायमिंग चालेल?" आमच्या घरात स्पर्धेत पोहलेली मी एकटीच, म्हणून प्रश्न मला. "कुठल्या कॉलेजच्या?" मी विचारलं. तिनं खांदे उडवले. "कुठल्याही. म्हणजे, मी फास्ट आहे की नाही?"

मला पटकन काही सांगता आलं नाही, आणि पुण्याला परतल्यावरही तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, काळ्या मार्करनं चार रकाने आखलेले होते. इव्हेंट, हीट, लेन, स्ट्रोक. खाली आकड्यांच्या ओळी. तिकडे मीटला आलेल्या बहुतेक मुलामुलींच्या हातावर हा तक्ता असतो. दिवसभर ती पोरं हात समोर धरून आपली शर्यत कितवी, लेन कुठली हे बघत हिंडतात. पाण्यानं, टॉवेलनं शाई पसरते, पण लवकर जात नाही. मेंदी उतरावी तशी सावकाश उतरते आणि सोमवारी शाळेत बाहीखालून डोकावते. बहीण म्हणाली, "घासून काढ म्हटलं तरी काढत नाही गं ताई, आवडतं तिला तसंच ठेवायला." मला ते फार समजलं. आपण कुठल्या तरी शर्यतीतले आहोत, आपली एक लेन आहे, ती वेळ झाली की आपलं नाव पुकारलं जाणार आहे, हे सतराव्या वर्षी अंगावर लिहिलेलं असणं किती भारी वाटत असेल. पण त्याच दिवशी मागच्या बाकावरच्या एका आईनं बहिणीला नाव-गाव विचारायच्या आधी "तिचं हंड्रेड किती?" असं विचारलं. बहिणीनं सांगितलं. त्या बाईंनी क्षणभर मनात कुठल्या तरी यादीशी ताडून बघितलं आणि "ओ, नाइस" म्हणाल्या. त्या ‘नाइस’मध्ये किती होतं आणि किती नव्हतं याचा हिशेब माझी बहीण घरी जाईपर्यंत गाडीत करत होती.

मी पोहायला शिकले ती सांगलीकडच्या आजोळच्या विहिरीत. मे महिना, वर रणरणतं ऊन आणि खाली हिरवट काळं गार पाणी. मोठ्या मामांनी पाठीला पांगऱ्याचा बिंडा बांधला आणि काही न बोलता ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं, वरून मामेभावंडांचा आरडाओरडा, आणि मग ते हलकं लाकूड आपल्याला वर धरून आहे ही जाणीव. सुट्टी संपेपर्यंत बिंडा सुटला आणि मुटके सुरू झाले. त्या विहिरीत कोण किती वेगानं पोहतं हे कुणी विचारत नव्हतं. तळाची माती कोण वर आणतं एवढाच काय तो मान. पुढे पुण्यात डेक्कनला टिळक तलावावर नाव घातलं, पहाटेची बॅच मिळाली, आणि स्टॉपवॉच नावाची गोष्ट आयुष्यात आली. सरांच्या गळ्यात दोरीनं अडकवलेलं. पाण्यातून डोकं वर काढलं की पहिली नजर त्यांच्या अंगठ्याकडे जायची.

कॉलेजच्या संघात मी गेले ते मात्र कुणी मोजूनमापून नव्हे. जिमखान्याच्या फळ्यावर कागद लागला होता, पोहता येणाऱ्या विद्यार्थिनींनी नावं द्यावीत. रिलेला चौघी लागतात आणि तिघी मिळाल्या होत्या. १९८०च्या दशकातल्या पुण्यात आमच्यासारख्या कॉलेजात पोहणाऱ्या मुली शोधूनच काढाव्या लागत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मला शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकला पदक मिळालं आणि विद्यापीठाच्या निवड चाचणीला बोलावणं आलं. तिथं मात्र घड्याळ होतं. प्रत्येक लेनमागे तीन जण तीन स्टॉपवॉच घेऊन उभे, आणि तिन्हींत मधली जी वेळ येईल ती खरी. मधली वेळ म्हणजे ज्याचा अंगठा लवकर पडला तोही नाही आणि उशिरा पडला तोही नाही. माझ्या स्ट्रोकला दोघी जाणार होत्या. मी तिसरी आले. संघात राखीव म्हणून घेतलं.

राखीव म्हणून मी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले. त्या प्रवासाबद्दल मला आजही एकाच सुरात बोलता येत नाही. सेकंड क्लासच्या स्लीपरमध्ये रात्रभर गाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, विद्यापीठाचं नाव पाठीवर असलेला ट्रॅकसूट जो मी पुढे कितीतरी वर्षं जपून ठेवला. आणि मग स्पर्धेच्या दिवसांत काठावर उभं राहून दुसऱ्यांचे टॉवेल धरणं. वॉर्मअपला मी सगळ्यांबरोबर पाण्यात उतरायचे, अंग मोकळं व्हायचं, हातात पाणी नीट लागायला लागायचं, आणि मग शिटी वाजली की बाहेर. माझ्याहून फक्त थोडी पुढे असलेली मैत्रीण ब्लॉकवर चढायची तेव्हा मी मनापासून तिच्या नावानं ओरडायचे. तिच्यासाठी वाटणारा आनंद खरा होता आणि पोटातला पीळही खरा होता. त्या संघात मी होते की नव्हते? फोटोत आहे. निकालाच्या कागदात कुठंच नाही. भाचीनं "चालेल का?" म्हणून विचारलं तेव्हा मला आधी तो काठ आठवला, आणि म्हणूनच मला "हो गं, चालेल की" असं वरवरचं म्हणवेना.

मग मी रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप घेऊन बसायला लागले. अमेरिकेत कॉलेजच्या जवळजवळ प्रत्येक शर्यतीचे निकाल कुणालाही बघता येतात, अगदी छोट्या कॉलेजचेसुद्धा. सुरुवातीला, साहजिकच, मी वरचे बघितले. इंडियाना विद्यापीठाकडून पोहणाऱ्या लिली किंगनं २०१९ मध्ये राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत शंभर यार्ड ब्रेस्टस्ट्रोक ५५.७३ सेकंदांत मारली. २०१६ ते २०१९ अशी चारही वर्षं शंभर आणि दोनशे दोन्ही तिनंच जिंकल्या. मी कागदावर हिशेब केला. लिली किंगचे हात भिंतीला लागतील तेव्हा माझी भाची अजून सुमारे १४ मीटर मागे असेल. तिकडचा टँक २५ यार्डांचा, म्हणजे २२.८६ मीटर, म्हणजे अर्ध्या टँकाहून जास्त. या आकड्यानं काही कळलं का? काही नाही. एव्हरेस्ट किती उंच आहे हे माहीत झालं म्हणून आपल्याला सिंहगड चढता येतो की नाही ते कळत नाही.

कळायला लागलं ते खालून बघायला घेतलं तेव्हा. तिकडे कॉलेजं कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांत, वाटलेली असतात आणि फेब्रुवारीच्या आसपास प्रत्येक कॉन्फरन्सची स्पर्धा होते. अनेक ठिकाणी पहिल्या १६ जणींना गुण मिळतात. पहिलीला २०, दुसरीला १७, मग १६, १५ असं उतरत उतरत सोळावीला १. कोच संघ बांधतो तो या गुणांवर. त्यामुळे त्याच्या दृष्टीनं महत्त्वाची वेळ पहिलीची नसते, सोळावीची असते. गेल्या वर्षी या कॉन्फरन्समध्ये सोळावी आलेली मुलगी किती वेळात आली? तिच्या आत येणारी मुलगी संघाला काहीतरी देते. तिच्या बाहेरची मुलगी सराव करते, ओरडते, टॉवेल धरते. मी एकेका कॉन्फरन्सचा निकाल उघडून थेट सोळाव्या ओळीवर जायला लागले. कुठे सोळावी १:०२, कुठे १:०५, कुठे १:०९. माझी भाची तीच, तिचं टायमिंग तेच. एका ठिकाणी ती अंतिम फेरीत पोचत होती, दुसऱ्या ठिकाणी तिचं नाव यादीच्या दुसऱ्या पानावर जात होतं. "कुठल्याही" या तिच्या उत्तरात सगळी गडबड होती ती इथं.

तिकडे कॉलेजच्या खेळांचे तीन विभाग, म्हणजे डिव्हिजन, असतात. बहिणीच्या आणि मेहुण्यांच्या डोक्यात त्यांची एक साधी उतरंड होती. पहिला विभाग म्हणजे फास्ट, दुसरा म्हणजे बरे, तिसरा म्हणजे हौशी. बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटणारच. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणून तो कमी, असा एक समज. पण पहिल्या विभागातल्या आयव्ही लीगमध्येही, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे विद्यापीठांच्या गटातही, खेळाची शिष्यवृत्ती नसते, आणि ती कमी आहे असं कुणी म्हणत नाही. ओहायोतल्या गॅम्बियर नावाच्या चिमुकल्या गावात केनियन कॉलेज आहे, तिसऱ्या विभागातलं. त्यांच्या पुरुषांच्या संघानं १९८० पासून २०१० पर्यंत सलग ३१ वर्षं त्या विभागाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. तिथं जागा मिळवणं हे पहिल्या विभागातल्या एखाद्या कमकुवत संघात जागा मिळवण्यापेक्षा अवघड असू शकतं. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, पण लोक विचारतात तेव्हा डिव्हिजनच विचारतात." त्यांच्या आवाजातला थकवा मला ऐकू आला. पहाटे साडेचारला उठून गाडीवरचा बर्फ खरवडून त्या माणसानं मुलीला सरावाला नेलंय, कित्येक हिवाळे. त्याला लोकांना सांगण्याजोगं काही हवं असेल तर ते मी समजू शकते. पण त्या चार वर्षांत पाण्यात उतरायचंय ते मुलीला.

यार्ड आणि मीटरचा प्रकार आणखी वेगळा. तिकडे शंभर यार्ड म्हणजे आपले ९१.४४ मीटर, आणि २५ यार्डांच्या टँकमध्ये त्यात तीन टर्न. आपल्याकडे बालेवाडीला ५० मीटरच्या टँकमध्ये शंभर मीटरला एकच. ब्रेस्टस्ट्रोकला प्रत्येक टर्ननंतर पाण्याखाली एक लांब ओढ, एक डॉल्फिन किक आणि एक ब्रेस्टस्ट्रोकची किक मिळते, मग डोकं वर आलं पाहिजे. भाचीची खरी ताकद तिथं आहे. मी त्या दिवशी वरून नीट बघितलं. भिंतीला दोन्ही हात एकदम लागतात, गुडघे पोटाशी येतात, एक हात पाण्यावरून आणि एक पाण्याखालून, पाय भिंतीवर रोवले जातात, आणि मग ती एखाद्या बाणासारखी वगैरे नाही, अगदी शांत, हात पुढे जोडून थांबते. हा थांबा फार थोड्या मुलांना जमतो. घाई न करता पाणी आपल्याला नेतंय तोवर जाऊ द्यायचं. शेजारच्या लेनमधली मुलगी तिच्याआधी वर आली आणि मागे पडली. हे कौशल्य यार्डांच्या टँकमध्ये तीनदा कामाला येतं, मोठ्या टँकमध्ये एकदाच. तिची वेळ लांब टँकच्या शंभर मीटरला बदलून बघितली तर सव्वा मिनिटाच्या आसपास जाते. त्या वेळात आपल्याकडे सीनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत उभं राहता येतं. न्यू जर्सीत मात्र ती आपल्या हीटमध्ये तिसरी, आणि तिला आपण फास्ट आहोत का हेच माहीत नाही.

पोहण्याचं मला सगळ्यात आवडणारं अंग म्हणजे घड्याळ, हे मी आजही म्हणेन. गायनाच्या, नृत्याच्या स्पर्धेत परीक्षकाच्या मनात काय होतं ते कळत नाही. इथं भिंतीला हात लावला की संपलं. कुणाची मुलगी, कुठल्या क्लबची, काही संबंध नाही. त्या घड्याळाची निष्ठुरताही मी बघितलेली आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलला २२.४७ सेकंद घेतले आणि तो चौथा आला. कांस्यपदकाची वेळ २२.४६. त्या वेगात एक शतांश सेकंद म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेर. आणि त्याच दिवशी प्राथमिक फेरीत तो स्वतः २२.४३ पोहला होता. आम्ही घरी टीव्हीसमोर बसलो होतो. निकाल आला तेव्हा माझ्या नकळत मी हात पुढे ताणलेला होता.

पण घड्याळालाही आपली हद्द माहीत आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलेत, म्हणजे चारही स्ट्रोकच्या शर्यतीत, स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघंही ४:३१.९८ मध्ये आले. मग सहस्रांश बघितले गेले. ४:३१.९८१ आणि ४:३१.९८३. दोन सहस्रांशांनी सुवर्ण लार्सनला. त्या वेगात ते अंतर तीन मिलिमीटरही होत नाही. आणि ५० मीटरचा टँक बांधताना लांबीत सेंटिमीटरांत मोजावी इतकी जास्तीची सूट असते. म्हणजे दोन लेनच्या लांबीत फरक त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. त्यानंतर नियम बदलला. आता शतांशापर्यंतच मोजतात, आणि बरोबरी झाली तर दोघांनाही पदक. इतक्या काटेकोर खेळानं एका जागी थांबून ठरवलं की याच्या पुढचं आम्ही मोजत नाही, कारण पुढचा फरक माणसाचा नसून भिंतीचा असेल. मला हा नियम फार शहाणा वाटतो.

भाचीच्या बाबतीत घड्याळाला कितीतरी गोष्टी ठाऊक नाहीत. ती चौदाव्या वर्षी एकदम उंच झाली आणि पुढची दोन वर्षं तिचं टायमिंग हललं नाही. पोहणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे वारंवार होतं. शरीर बदलतं, पाण्यातला तोल नव्यानं शोधावा लागतो, आणि त्या काळात कितीतरी जणी सोडून देतात. हिनं सोडलं नाही. दोन वर्षं प्रत्येक मीटला बोर्डावर तोच आकडा बघून घरी येणं आणि दुसऱ्या दिवशी परत पहाटे उठणं, हे तिनं केलं. शिवाय तिच्या क्लबला आठवड्यात टँक मिळतोच कमी. मोठ्या क्लबच्या मुली तिच्या दीडपट पाण्यात असतात. जाणता कोच हा आलेख बघतो. १:०५वर येऊन टेकलेली मुलगी आणि १:०५मधून जाणारी मुलगी या दोघी त्याच्यासाठी वेगळ्या असतात.

दुसऱ्या बाजूला असं बरंच काही आहे ज्याचा तिच्या पोहण्याशी संबंधच नाही. २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याची नवी पद्धत स्वीकारलेल्या मोठ्या विद्यापीठांत पोहणं आणि डायव्हिंग मिळून संघात ३० जणींचीच मर्यादा आली. आधी जिथं कोच "ये, सराव कर, बघू" म्हणू शकायचा तिथं आता ती जागाच उरली नाही. २०२० मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठानं पोहण्याचे पुरुषांचे आणि महिलांचे दोन्ही संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या मुली तिथं जाण्याइतक्या वेगवान होत्या, त्या त्या दिवशी सकाळी जेवढ्या होत्या तेवढ्याच संध्याकाळीही होत्या. संघच राहणार नव्हता. एखाद्या कॉलेजात यंदा दोन ब्रेस्टस्ट्रोकवाल्या शेवटच्या वर्षाला असतील तर पुढच्या वर्षी तिथं जागा आहे. दोघी पहिल्या वर्षाला असतील तर तीन वर्षं नाही. माझी विद्यापीठाची निवड ज्या वर्षी हुकली त्याच्या पुढच्याच वर्षी माझ्या पुढच्या दोघींपैकी एकीचं लग्न झालं आणि तिनं पोहणं सोडलं. मी तोवर शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडले होते.

म्हणून मी तिला शेवटी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात सांगितलं की तू फास्ट आहेस, हे मी मावशी म्हणून सांगत नाही, मी ब्रेस्टस्ट्रोक पोहलेली बाई म्हणून सांगते. पण टीम निवडताना सोळावीची वेळ बघ. जिथं तू पहिल्याच वर्षी सगळ्यांच्या पुढे असशील तिथं जाऊ नकोस, पुढच्या लेनमध्ये कुणी नसलं की माणूस ढिला पडतो. आणि जिथं चार वर्षं काठावर उभं राहावं लागेल तिथंही जाऊ नकोस, पाठीवरचं नाव कितीही मोठं असलं तरी. हा दुसरा भाग सांगताना माझा आवाज जरा जड झाला, तो तिला कळला असावा. पहिल्या विभागात आठवड्याला २० तासांपर्यंत सराव चालतो, इतर ठिकाणीही फार कमी नसतो. थंडीत, परीक्षेच्या आठवड्यात, खांदा दुखत असताना. तेवढे तास नुसत्या बोर्डावरच्या आकड्यासाठी कुणाच्यानं निघत नाहीत. कोचशी बोलशील तेव्हा दोन गोष्टी विचार. यंदा तुमच्या किती ब्रेस्टस्ट्रोकवाल्या बाहेर पडतायत? आणि कॉन्फरन्सच्या स्पर्धेला मला न्याल का?

बहीण म्हणाली, असं थेट विचारलं तर उद्धट वाटेल. मला तसं वाटत नाही. कोच तिला तिच्या वेळा थेटच विचारणार आहे.

गेल्या आठवड्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या, तिसऱ्या विभागातल्या कॉलेजच्या कोचबाईंशी तिचं व्हिडिओवर बोलणं झालं. मला तिनं नंतर सगळं सांगितलं, मधूनमधून इंग्रजीत घसरत. बाईंनी तिच्या उत्तम वेळांवर फार बोलणं घालवलं नाही, त्या त्यांच्यासमोर होत्याच. आठवड्याला किती सराव होतो, वजनं उचलतेस का, चौदा ते सोळा या वर्षांत वेळ का अडकली होती, आणि अडकली असताना काय केलंस, हे विचारलं. शेवटचा प्रश्न तिला फार आवडला. तिनं माझे दोन्ही प्रश्न विचारले. दोन मुली यंदा बाहेर पडतायत. शंभरला तिची आजची वेळ गेल्या वर्षीच्या त्यांच्या कॉन्फरन्समध्ये बाराव्या नंबरला गेली असती. पण दोनशेला ती सोळांत येत नाही, आणि दोन्ही शर्यतींत गुण आणणारी मुलगी त्यांना हवी आहे. त्याच जागेसाठी ओहायोतली आणखी एक मुलगी आहे. बाईंनी हे काहीही लपवलं नाही. फोनवर भाचीचा आवाज उदास असेल असं मला वाटलं होतं, तर ती उलट उत्साहात होती. पहिल्यांदाच कुणी तरी तिला नेमकं किती कमी पडतंय ते सांगितलं होतं. दोनशे यार्डला तिची वेळ २:२७ आहे आणि २:२५च्या आत यायचंय.

दोन सेकंद हे दोनशेमध्ये मिळण्यासारखे असतात. तिनं काल शर्यतीचा व्हिडिओ आणि प्रत्येक पन्नासच्या वेळा पाठवल्या. पहिलं पन्नास ती फार जोरात जाते, तिसऱ्यात पाय जड होतात, आणि टर्नच्या आधी एक स्ट्रोक लांबवून भिंतीकडे घरंगळत येते. तो थांबा पाण्याखाली हवा, भिंतीपाशी नको. भिंतीच्या आधीचे दोन स्ट्रोक मोजायला शिकायचे आणि पहिलं पन्नास निदान अर्ध्या सेकंदानं सावकाश न्यायचं. तिकडे सकाळ झाली की मी तिला फोन करणार आहे. तिसऱ्या पन्नासात टर्नच्या आधी ती किती स्ट्रोक घेते ते मी लिहून ठेवलंय: आठ, आणि नववा अर्धा.